उघडा ओठ

जितेंद्र घरतने बाकी सगळं आईचं घेतलं होतं, कातडी तेवढी वडिलांची. दाढी केली की तासाभरात गळ्यावर लाल पुरळ उठायचं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या काही पुळ्या पिकायच्या, आणि हनुवटीखाली कुठेतरी केस आतल्या आत वळून केसतोड ठसठसायला लागायचा. वडिलांनी, म्हणजे पंढरीनाथांनी, या दुखण्यावर कधी उपाय शोधला नाही. उभं आयुष्य त्यांनी मोरव्याच्या मिठागरात काढलं. आठवड्यातून एकदा न्हाव्यापुढे बसायचं आणि मग दोन दिवस गळ्याला खोबरेल चोपडून हिंडायचं, एवढाच त्यांचा इलाज.

जितेंद्रला ती सोय नव्हती. काशीमीऱ्याच्या एका खाद्यपदार्थांच्या गोदामात माल पाठवण्याचं खातं त्याच्याकडे होतं. आत जायचं तर दाढी साफ हवी. मिशी चालायची, ओठाखाली उतरली नाही म्हणजे झालं. तिथे थोडी आग व्हायची, पण मिशीबद्दल त्याची तक्रार नव्हती. सतराव्या-अठराव्या वर्षी फुटली तेव्हापासून ती तिथे होती आणि वडील आहेत तोवर राहणार होती. घरतांच्या घरात बाप गेला की दहाव्याला मुलाची मिशी उतरते. तोवर तिला फक्त कात्री लागते. हे कोणी त्याला बसवून शिकवलं नव्हतं. उंबऱ्यावर बसू नये हे जसं ठाऊक असतं, तसं ते ठाऊक होतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दाढी राखा म्हणून सांगितलं, ते जमण्यासारखं नव्हतं. मार्ग दाखवला तो शेजारच्या मितेशने. पूनम सागर सोसायटीतल्या त्यांच्या मजल्यावर समोरच्या घरात राहणारा हा प्लास्टिकचा व्यापारी. त्याला जुन्या वस्तूंचा शौक. खऱ्या पोलादी पात्याचे तीन वस्तरे आणि ते परजायचा चामड्याचा पट्टा त्याने कपाटात मखमलीवर मांडून ठेवला होता.

"जितुभाई, तुमच्या त्या रेझरमध्ये पाच ब्लेड. पाच जण एका माणसाला खेचणार, तर तो सुजणारच ने," मितेश म्हणाला. "एक धार लावा. एकच. बघा, चामडी कशी शांत होते."

"आणि गळा कापला तर?"

"तर भाभी मला सोडणार नाय. म्हणून पहिला फुगा."

इमारतीतल्या कुणाच्या वाढदिवसाचे उरलेले फुगे मितेशने आणले. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फोडता तो वस्तऱ्याने उतरवायचा. जितेंद्रने दोन रविवार फुगे फोडले. बायको संचिता प्रत्येक आवाजाला स्वयंपाकघरातून म्हणायची, "गेला बिचारा."

वाणिज्य शाखेचा पदवीधर तो. घाई त्याच्या स्वभावात नव्हती. फुगा टिकायला लागला तेव्हा तो गालावर आला. त्यातही आधी फक्त उजव्या. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर धरायचा. केस कोणत्या बाजूला झुकतात ते बोटाने चाचपायचं. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची आणि पातं जवळजवळ आडवं ठेवून, केस वाढतात त्याच दिशेने, दाब न देता ओढायचं. एकदा फिरलं त्या जागी पुन्हा फिरवायचं नाही. ही शेवटची गोष्ट त्याला सगळ्यात जड गेली. एखादा खुंट राहिला की त्याचं बोट तिथेच जायचं. राहिला तर राहू दे, असं मनाला बजावत त्याने ते शिकून घेतलं. डावा गाल जमायला आणखी वेळ लागला. गळा सगळ्यात शेवटी आला. आणि खरोखरच पुरळ कमी झालं. आरशात स्वतःचा गुळगुळीत, पुळी नसलेला गळा बघताना त्याला लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

पण त्याच दिवसांत मोरव्याला पंढरीनाथांचं पायाचं बोट काळं पडत चाललं होतं. साखर जुनी, आणि मिठागरातल्या खाऱ्या पाण्याने तळपाय असे निबर झालेले की जखम झालेली त्यांना कळलीच नाही. त्यांची धाकटी बहीण शेवंती त्यांच्याजवळ राहायची. लुगड्याच्या पदराने पाय पुसताना तिला वास आला. भाईंदरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता बोट काढलं तर पाय वाचेल. थांबलात तर पाऊल जाईल, आणि मग गोष्ट बोटापाशी राहणार नाही.

पंढरीनाथ ऐकेनात. "जसा आलो तसा जाईन," एवढंच. जितेंद्रने समजावलं, संचिताने समजावलं, शेवंतीने दोन दिवस अबोला धरला. शेवटी एका संध्याकाळी म्हातारा आपणहून बोलला. "तू माज्या समोर उभा ऱ्हाशील? कापायच्या खोलीच्या दारापातूर?"

"राहीन, बाबा."

"मंग कापा म्हनावं. पन तू समोर पायजेस. मना तुजा तोंड दिसला पायजे."

मंगळवारी दाखल व्हायचं ठरलं. रविवारी सकाळी जितेंद्रची मिशी गेली.

झालं ते असं. मिशीची वरची कड, नाकाखालची, तो आजवर कात्रीने सारखी करायचा. हात बसलाय असं वाटलं म्हणून त्या दिवशी त्याने तिथे वस्तरा टेकवला. नाकात फेस गेला आणि शिंक आली. डाव्या बाजूची अर्धी मिशी पात्यावर आली. ओठावर एक बारीक रेघ उमटली, तिच्यातून रक्त झिरपायला लागलं.

रक्त त्याने तुरटी लावून थांबवलं. मग आरशात पाहिलं. एक बाजू पूर्ण, एक अर्धी. उजवीही थोडी कमी करावी असं त्याला वाटलं आणि त्याने ती केली. आता डावी बारीक दिसायला लागली. पुन्हा डावी, पुन्हा उजवी. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की ती सरळ केल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. त्याच माणसाच्या हातात वस्तरा होता. शेवटी नाकाखाली दोन ठिपके उरले. ते घेऊन बाहेर पडण्यात अर्थ नव्हता. तेही त्याने उतरवले, नीट, कातडी ताणून, न दुखवता.

तोंडावर पाणी मारलं तेव्हा वरच्या ओठाला गारवा लागला. त्या जागी पाणी असं लागतं हे तो विसरूनच गेला होता. आणि मग तो बेसिन धरून उभा राहिला.

संचिता चहा गाळत होती. तिने वर पाहिलं आणि गाळणी तशीच हातात राहिली.

"हे काय केलंत?"

"शिंक आली."

"शिंकेनं एक बाजू गेली असेल. दुसरी कोणी काढली?"

ती खुर्चीवर बसली. "मंगळवारी बाबांना न्यायचंय. आता ते येतील? सांगा ना. ते येतील?"

मितेश आला, बघून गंभीर झाला, मग म्हणाला, "नाटकवाल्यांकडे मिळते ने. गोंदानं चिकटवायची."

"त्या ओठाला गोंद?" संचिता म्हणाली. "दुसऱ्या दिवशी ओठच हातात येईल."

मास्क लावायचा, असं ठरलं. दवाखान्यात तसाही लावतात. चार दिवस निभलं की बोट निघालेलं असेल, पुढचं पुढे. जितेंद्रला हे पटलं नव्हतं. वडिलांशी तो फार बोलायचा नाही, पण खोटंही कधी बोलला नव्हता. तरी त्याने मास्क लावला, कारण दुसऱ्या बाजूला पाऊल होतं.

सोमवारी संध्याकाळी तो मोरव्याला गेला. पंढरीनाथ खाटेवर बसले होते, पाय उशीवर.

"तोंडाला काय बांधलंस?"

"सर्दी झालीय. तुम्हाला लागायला नको."

"मना सर्दी लागंल म्हनून भितंस, आन् उद्या पाय कापायला नेतंस."

"पाय नाही, बाबा. बोट."

"बोट पायालाच असता नं?"

शेवंती हसली आणि चहा घेऊन आली. "घे. आलं घातलंय. सर्दीला चांगला."

"नको, आते."

"नको?" ती कप पुढे धरून तशीच उभी राहिली. त्या घरात चहाला नको म्हणायची पद्धत नव्हती. जितेंद्रला तर लहानपणापासून तिच्या हातचाच चहा लागायचा.

पंढरीनाथांनी डोळे बारीक केले. "हिच्या हातचा चहा तू कवा नको म्हनलास? काय लपवतंस?"

जितेंद्रने कप घेतला. खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि घोटभर प्यावं म्हणून मास्क खाली ओढला. शेवंती नेमकी त्याच बाजूला बशी घेऊन आली होती. तिने पाहिलं. हातातली बशी जमिनीवर पडली.

"काय झाला?" पंढरीनाथ म्हणाले. "जितू, इकरं बग."

त्याने तोंड वळवलं.

म्हाताऱ्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं ओठाकडे पाहिलं. मग विचारलं, "दहावा कवा घातलास माजा?"

"बाबा, हात घसरला. वस्तऱ्यानं दाढी करायला शिकतोय. आपल्या कातडीला दुसरं काही चालत नाही. शिंक आली आणि..."

"वस्तरा? तू? न्हावी मेलं कं सगलं?"

"चूक झाली."

"चूक." पंढरीनाथ भिंतीकडे वळले. "उद्या मना कापायला न्यायचा, आन् आज उतरवून आलास. इतकी घाई? मी न्हाय येत. जा."

जितेंद्र ओटीच्या पायरीवर येऊन बसला. थोड्या वेळाने शेवंती बाहेर आली आणि शेजारी टेकली.

"शिंक काय आपल्या हातात असते?" ती हळू आवाजात म्हणाली. "पन अर्धी ऱ्हायली होती नं? वाकडी ठेवली असतीस तर काय बिघरला असता? लोक हसलं असतं. हसू दे. होती तर."

गालावर खुंट राहू द्यायला तो शिकला होता. वाकडी मिशी राहू द्यायला मात्र शिकला नव्हता, आणि आता त्याची किंमत दुसऱ्याच्या पायाने द्यायची वेळ आली होती.

"बाबा ऐकतील, आते?"

"माजं कधी ऐकलंय? पन बगते. तू सकाळी रिक्षा घेऊन ये. मिशी असो नसो, ये."

रात्री शेवंतीने भावाला काय सांगितलं ते तिने पुढेही कधी सांगितलं नाही. सकाळी जितेंद्र आला तेव्हा पंढरीनाथ धुतलेला सदरा घालून खाटेवर बसले होते, दाराकडे पाठ करून.

"दादा येतो म्हनतो," शेवंती म्हणाली. "पन तू त्याच्या पुढ्यात यायचा न्हाय. त्याला तुजा तोंड दिसता कामा न्हाय. दिसला तर तो तिथनं उठंल."

"आणि उचलायचं कसं?"

"मागनं उचल."

जितेंद्रने बापाला मागून काखेत हात घालून उचललं. रिक्षात शेवंती त्यांच्या शेजारी बसली, जितेंद्र पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून, मान रस्त्याकडे. दवाखान्यात चाकांची खुर्ची मिळाली तेव्हा त्याला हायसं वाटलं. ती मागूनच ढकलायची असते. पण तेवढ्याने भागलं नाही. नर्सने विचारलं, "पेशंटचा मुलगा कोण?" पंढरीनाथ समोर बघत म्हणाले, "मागं हाय." भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी जितेंद्रला पुढे बोलावलं. तो जागचा हलेना. म्हातारा डॉक्टरांना म्हणाला, "मागनंच इचारा त्याला. ऐकू येतंय त्याला." तरुण डॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. बापलेकांत जुनं भांडण असावं, असं समजून त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत तो पलंगाच्या डोक्याशी चालत गेला. समोर उभा राहीन हा शब्द त्याने दिला होता, आणि आता त्याला फक्त वडिलांचं टक्कल दिसत होतं. दार उघडलं तेव्हा पंढरीनाथांनी एक हात डोक्यावरून मागे केला. जितेंद्रने तो धरला. वॉर्डबॉय म्हणाला, "चला काका, सोडा आता," आणि हात सुटला.

बोट गेलं, पाऊल राहिलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. जितेंद्रने मान हलवली. ते ऐकायला वडील समोर नव्हते, आणि असते तरी तो त्यांच्यासमोर नसता.

घरी आल्यावर रोज पट्टी बदलायची होती. शेवंतीला जखम बघवेना, म्हणून काशीमीऱ्याहून सुटला की जितेंद्र थेट मोरव्याला जायचा. पहिल्याच दिवशी अडचण कळली. खुर्ची मागून ढकलता येते, माणूस मागून उचलता येतो, पण पायाची पट्टी मागून बांधता येत नाही. शेवंतीने दोघांकडे पाहिलं. पंढरीनाथांनी खांद्यावरचा पंचा घेतला आणि आडवे होऊन तोंडावर ओढला.

"बांध," ते पंच्याखालून म्हणाले.

जितेंद्रने बांधली, पण नजर पायावर ठेवणं त्याला जड गेलं. आडवं शरीर, कपाळापासून गळ्यापर्यंत पांढरं कापड, आणि आपण पायाशी. वडिलांना स्वतःचं मरण दिसू नये म्हणून ते कापड होतं, नेमकं तेच तो रोज संध्याकाळी बघत होता. घरी गेल्यावर त्याला जेवण जायचं नाही. संचिताने एकदा विचारलं, "पाय बरा होतोय ना?" तो म्हणाला, "पाय बरा होतोय."

एक गोष्ट मात्र वेगळी घडली. पंच्याखालून पंढरीनाथ बोलायला लागले. समोरासमोर त्यांचं बोलणं साखर, गोळ्या आणि भरतीची वेळ यापलीकडे गेलं नव्हतं. आता ते कापडातून बोलायचे, आवाज जरा दबलेला.

"माजा बाप गेला तवा मी तुज्यापेक्षा ल्हान होतो," ते एकदा म्हणाले. "रडलो न्हाय. कामं होती. दहाव्याला उतरवली न् दुसऱ्या दिवशी आगरावर गेलो. वारा होता. तो मिठाचा वारा इथं लागला." कापडाखाली त्यांचं बोट ओठाकडे गेल्याचं दिसलं. "असा झोंबला. इतकी वर्षं त्या वाऱ्यात काम केलेला, पन ती जागा झाकलेली होती. तवा कलला, बाप न्हाय आता. तुला उघडा बगितला न् मना तो वारा आठवला."

जितेंद्रचे हात थांबले.

"बांध, बांध. थांबू नको."

दाढी तो अजूनही वस्तऱ्यानेच करत होता. गालावर हात सरळ चालायचा, ओठाजवळ आला की मागे फिरायचा. वरच्या ओठाला तो पातं लावतच नव्हता. तिथे खुंट आले, ते वाढले, आणि आजवर त्याने झाकलेलं उघडं पडलं. ती मिशी पांढरी होती. गेली कित्येक वर्षं तो ती घरी काळी करत असे, आणि गळ्यावरच्या पुळ्यांबरोबर ओठावर जी आग व्हायची ती रंगाने होते, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला आताच सांगितलं होतं. रंग बंद झाला होता. आलेली मिशी पांढरी होती, एखाददुसरा करडा केस सोडला तर.

पुरती भरली नव्हती, तरी मिशी म्हणावी इतकी झाली होती. तो काही बोलला नाही. पंढरीनाथही विचारत नव्हते. पंचा रोज तोंडावर जात होता.

त्या संध्याकाळी जखम कोरडी होती. नवी कातडी गुलाबी दिसत होती, ओठाइतकीच नाजूक. जितेंद्रने कापूस ठेवला आणि त्याची नजर पुन्हा त्या पांढऱ्या कापडावर गेली. श्वासाबरोबर ते किंचित वर-खाली होत होतं. आज एकदा ते बराच वेळ हललं नाही असं त्याला वाटलं.

"बाबा."

"काय?"

"तो पंचा काढा. मला बघवत नाही."

"मना तुजा बगवत न्हाय, तुला माजा बगवत न्हाय." पंच्याची कड त्यांनी बोटांत धरली. "आली?"

"आलीय. थोडी."

पंढरीनाथांनी पंचा डोळ्यांखाली ओढला, मग नाकाखाली, मग हातात धरला. त्यांनी कोपरावर जोर देऊन मान उचलली. खिडकीतून उजेड येत होता. त्यांनी पाहिलं, आणि चेहऱ्यावर जे उमटलं ते राग नव्हता, बरं वाटणंही नव्हतं.

"पांढरी?"

"बरीच वर्षं झाली. रंगवायचो."

"कोनाला सांगितला न्हायस."

"यात सांगायचं काय?"

म्हातारा बघत राहिला. नजर पोराच्या ओठावरून कपाळावर, तिथून खांद्यावर गेली आणि पुन्हा ओठावर आली.

"तुजा आजा असाच दिसायचा," ते शेवटी म्हणाले. "शेवटी शेवटी. असाच माज्या खाटेच्या पायाशी बसायचा." पंचा त्यांच्या मुठीत चुरगळला होता. तो त्यांनी तोंडावर घेतला नाही, पण खालीही ठेवला नाही. "म्हातारा झालास रे तू."

जितेंद्रने पट्टीचं टोक धरलं.

"सैल बांध," पंढरीनाथ म्हणाले. "काल घट्ट झाली होती."